गाठींची बाजू

एकोणीसशे एकसष्ट साल. वाढवणात आमच्या आळीला तेव्हा एकच मोटार होती, महादेवशेटची, मुंबईहून जुनी आणलेली. दिवाळीला दोन दिवस असताना सोसाट्याचा वारा सुटला आणि देवजीच्या अंगणाकडचं बांबू-कारवीचं कुंपण तिच्यावर आडवं झालं. पुढची काच फुटली, टप चेपला.

सकाळी कुसुमबाई दारात आल्या तेव्हा त्यांचे यजमान आणि वाडीवरचा गडी लाहू त्या कुंपणाशी वाकले होते.

"उचल. आता उलटं करून ठेव."

"उलटं कशाला, शेट?"

"सांगतो तेवढं कर."

कुसुमबाई समजल्या. त्या भागात रीत होती: जो कुंपण घाली तो दोरीच्या गाठी आपल्या अंगाला ठेवी. तंटा झाला की पंच आधी गाठी बघत. या गाठी कुसुमबाई नऊ वर्षं रोज बघत होत्या, आपल्याच अंगणातून. कुंपण मोटारीवर पडलं तेव्हा गाठी खाली गेल्या होत्या. आता त्या वर आल्या.

"अहो, हे बरं नाही."

"बांधाचे तंटे घोलवडला तुझे वडील सोडवायचे, तू नाही. चहा टाक."

त्यांनी चहा टाकला. मग ताकाचा तांब्या घेऊन शेजारी गेल्या. देवजीची बायको मैना बोंबील वाळत घालत होती. तिने तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताक तुमच्याकडंच ठेवा, कुसुमबाय. गाठी कुठं होत्या तेवढं पंचांना सांगा."

"मी बाईमाणूस काय बोलणार, मैना?"

"मग बसा मोटारीत. काच नाय, वारा चांगला लागेल."

देवजी मागच्या पडवीत जाळं सांधत होता. त्याला ताक देऊन कुसुमबाई परत आल्या.

दहाच्या सुमारास पंच आले. नारूदादा त्यांतले वडीलधारे. त्यांनी काठीने एक गाठ टोचून पाहिली.

"देवजी, कुंपण शेटच्या बाजूला पडलं. म्हणजे वरचं अंग तुझं. गाठी वर आहेत."

"शिवाय याची बायको त्यावर ओली जाळी टाकते," महादेवशेट म्हणाले. "पडेल नाही तर काय!"

"खोटं हाय!" मैना पुढे आली. "उलटं केलंय ते. कुसुमबाय, तुम्ही दारात उभ्या होतात. बोला की!"

कुसुमबाई पायांकडे बघत राहिल्या.

"राहू दे, मैना," देवजी म्हणाला. "कुंपण माझं."

मैनाच्या हातातली टोपली खाली पडली.

"मग नुकसानीचं काय?" शेटनी विचारलं.

"पैका नाय. होडी हाय."

एकच होडी, तिच्यावर पाच तोंडं. नारूदादांनीही एकदा शेटकडे पाहिलं. शेट म्हणाले, "चालेल."

"पण शेट, कुंपण माझं असं कागदावर लिहा. सही तुमची, अंगठा माझा. परत पडलं तर तंटा नको."

"परत पाडायचा विचार आहे काय रे?"

पंच हसले. शेटनी हसतच सही केली.

चौसष्ट साली जमिनीची सरकारी मोजणी आली. देवजीने तो कागद पुढे केला. मोजणीदाराने रीत विचारली, तेव्हा कुठे नारूदादांना तिचा उरलेला भाग आठवला: कुंपण घालणारा, बाहेरून डागडुजी करता यावी म्हणून, आपली चार हात जागा पलीकडे सोडतो. त्या चार हातांत महादेवशेटची गाडीवाट गेली. चिकूच्या पाट्या वाडीबाहेर काढायला दुसरी वाट नव्हती.

शेट देवजीच्या ओट्यावर जाऊन बसले. "वाट दे रे."

"माझी होडी द्या."

होडी तीन पावसाळे किनाऱ्यावर उघडी पडून कुजली होती.

महादेवशेटनी वाडी मिळेल त्या भावाला विकली, डहाणूत दोन खोल्या घेतल्या आणि अडुसष्ट साली देवजीला शिव्या देत तिथेच वारले. मोटार जागच्या जागी राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. लाहू उधव्याला आपल्या गावी परतला. देवजी शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून गेला. मैना डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. कुसुमबाई समोर आल्या की टोपलीवर फडकं ओढायची आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तोंड शिवून बसणारीला माझ्याकडं मासळी नाय."

कुसुमबाई मुकाट्याने पुढे जायच्या. ताक देताना त्यांनीच देवजीला शपथ घातली होती, की कुंपण आपलं म्हण, पण लिहून घे, आणि हे कुणी शिकवलं ते घरातही बोलू नकोस. देवजीने ती मरेपर्यंत पाळली.