शांततेचं भाडं

तिसरी बॅग दारात अडकली तेव्हा आतून आवाज आला, "ओढू नकोस. आधी आडवी कर."

तिने आडवी केली. बॅग मुकाट्याने आत आली.

पहिल्या वर्गाच्या त्या दोन बाकांच्या कप्प्यात खिडकीशी एक काकू बसल्या होत्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, पायांत मऊ चपला. सामान म्हणजे मांडीवर मावेल एवढी एक पिशवी.

"जड बॅग बाकाखाली, चाकं भिंतीकडे. नाहीतर गाडी थांबली की घरंगळते," काकू बसल्या जागेवरून हुकूम सोडत होत्या. "हलकी वर. आणि तिकीट, औषधं, फोन अंगाशी. एकटीने जायचं तर झोपेतही हात पोचला पाहिजे."

बघता बघता तिन्ही बॅगा जागच्या जागी बसल्या. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या जिवात जीव आला.

"तुमचं बाकीचं सामान?" तिने विचारलं.

"माझ्यापाशी एवढंच. सामान आपण वागवायचं नसतं गं, त्याची सोय लावायची असते."

"वा!" ती मनापासून म्हणाली. तिच्या बॅगांत अर्धा संसार कोंबलेला होता.

अर्धाच, कारण उरलेला अर्धा नवऱ्याकडे होता. ती घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायची. नवरा स्वभावाने सोन्यासारखा, पण सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की रात्रीपर्यंत थांबायचं नाव नाही. एकदा त्याच्या बडबडीत तिच्या नजरेतून अख्खं पान निसटलं आणि चुकांसकट छापलं गेलं. शब्दाने शब्द वाढला, आणि ती माहेरी निघून गेली.

आता ती परत त्याच शहरात निघाली होती, पण जायचं कुणाकडे ते ठरत नव्हतं. एका मैत्रिणीची खोली रिकामी होती. आणि नवऱ्याचा निरोप होता, 'ये म्हणालीस तर स्टेशनवर उभा राहीन. नको म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.' उत्तर गाडी पोचायच्या आत द्यायचं होतं. निदान विचार तरी धड करता यावा म्हणून तिने खिशाला चिमटा काढून पहिल्या वर्गाचं तिकीट घेतलं होतं. 'जरा शांतता हवी होती,' एवढंच तिने काकूंना सांगितलं.

"मीही त्यासाठीच घेते," काकू म्हणाल्या. "लोकांना वाटतं म्हातारी चैन करते. चैन कसली डोंबलाची? शांततेचं भाडं आहे हे."

"तुम्ही नेहमी एकट्याच येता?"

"आता नेहमीच. पूर्वी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. ह्यांचं सारखं सामान मोजणं चालायचं, समोरच्याच्या सात पिढ्यांची चौकशी चालायची. आणि एकदा का डोळा लागला..." काकूंनी वाक्य अर्धंच सोडलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

तिला पुढचं विचारवेना. ती हळूच एवढंच म्हणाली, "सुरुवातीला जड गेलं असेल."

"पहिल्या खेपेला रडले," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला ढाराढूर झोपले."

अशी बाई तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

एका मोठ्या स्टेशनात गाडी थांबली आणि दारावर टकटक झाली. बाहेर घामाघूम झालेला एक म्हातारा उभा होता. खांद्यावर रुमाल, हातात थर्मास.

"साखर कमीच आहे," तो म्हणाला.

"बरं. डोक्याला काहीतरी बांधा, ऊन मी म्हणतंय," काकूंनी बजावलं, थर्मास घेतला आणि दार लावून घेतलं. पैशांचा विषयच निघाला नाही. ओळखीतला हमाल असणार, तिने ताडलं. इतका प्रवास केलेल्या बाईला कोण ओळखणार नाही?

काकूंनी दोघींसाठी चहा ओतला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पाठीशी कुणी नाही, सोबत कुणी नाही, तरी चेहऱ्यावर तक्रारीची रेघ नाही. आणि आपण तिशीत, धडधाकट, कुणाला तरी स्टेशनवर बोलवावं का म्हणून झुरतोय! तिला काकूंचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज.

तिने फोन काढला. 'येऊ नकोस. माझं मी बघेन.' फार विचार न करता पाठवूनही टाकलं.

एवढ्या बोलक्या माणसाचा एकच शब्द परत आला. 'बरं.'

तिने तो दोनदा वाचला. पण समोर काकू मजेत डुलक्या घेत होत्या. त्यांना पाहून तिने स्वतःला सावरलं.

शहर आलं. काकू पिशवी काखोटीला मारून टुणकन उतरल्या. काकूंनी शिकवल्याप्रमाणे तिने एकेक बॅग आडवी करून बाहेर काढली. फलाटावर आल्यावर मात्र गणित फसलं. बॅगा तीन, हात दोन.

तेवढ्यात मागच्या गर्दीच्या डब्यांकडून तोच म्हातारा येताना दिसला. डोक्यावर ट्रंक, दोन्ही हातांत पिशव्या, गळ्यात पाण्याची बाटली. काकूंसमोर त्याने सगळं उतरवलं आणि बोट लावून मोजलं.

"काका," तिने पुढे होऊन विचारलं, "यांचं सामान सोडलंत की माझंही बाहेर नेऊन द्याल का? काय घ्याल?"

म्हाताऱ्याने काकूंकडे पाहिलं. काकू तोंडावर हात धरून हसत सुटल्या.

"अगं, हमाल नव्हेत ते. आमचे हे आहेत! घोरतात म्हणून मागच्या डब्यात बसवते."

म्हातारा मुळीच रागावला नाही. उलट त्याने तिची सगळ्यात जड बॅग उचलून पाहिली आणि मान हलवली.

"हे एकटीने नाही व्हायचं, पोरी," तो म्हणाला. "तुला न्यायला कोण येतंय?"