नमुन्याचे दाणे

शिवांगी बांधावर आईजवळ बसली. पेरणीला आठवडा उलटून गेला होता आणि सोयाबीन कुठं एखादंच वर आलं होतं. बाकी सगळं रान उघडंबोडकं. यंदा घरचंच बियाणं पेरू, हे तिनंच वडिलांना पटवलं होतं. पोत्यांतल्या शंभर दाण्यांचा नमुना लातूरला ती शिकत असलेल्या कृषी महाविद्यालयात नेऊन तिनं ओल्या गोणपाटात उगवून बघितला होता. अठ्ठ्याण्णव उगवले. तिच्या शब्दावर भावकीतल्या चौघांनीही तेच बियाणं पेरलं होतं.

"आई, नमुना त्याच पोत्यांतून काढला होतास ना? हाताला येतील तसे दाणे घे म्हणलं होतं मी."

"त्याच पोत्यांतला की," आई म्हणाली. "पण हाताला येतील तसे कसे द्यायचे माय? लई फुटके, सुरकुतलेले होते. तुझ्या सरांपुढं घरची इज्जत राहिली असती का? दुपारभर सूप घेऊन बसले अन् एकेक टपोरा दाणा निवडून दिला तुला."