फळ्यावरचे पाणी

नगरपालिकेच्या दारातील फळ्यावर मी खडूने ‘उद्या सकाळी पाणीपुरवठा सुरळीत होईल’ असे लिहीत होतो. गेले बारा दिवस हेच वाक्य मी सुवाच्य अक्षरांत लिहीत आहे. बदलते ती केवळ तारीख.

पाठीमागे आमच्या आळीतील चांगुणाबाई येऊन उभ्या राहिल्या. उद्या त्यांची लेक पाच दिवसांचे बाळ घेऊन इस्पितळातून घरी यावयाची होती, आणि घरातील पिंप कोरडे होते.

‘अक्षर झकास आहे भाऊ तुमचं,’ त्या म्हणाल्या. ‘पण वहिनींनी टँकरच्या रांगेत हंडे लावलेत का, तेवढं सांगा.’

फळ्यावर नसलेले एक अक्षरही बोलू नये, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. माझी मान खाली गेली.

‘तीन लावलेत,’ मी म्हणालो.

‘अगं बाई! मग आता माझा नंबर कुठं लागायचा?’

‘त्यातले पुढचे दोन तुमचे समजा. मी सांगितलं म्हणावं.’

त्या लगबगीने निघाल्या. फळा वाचत उभे असलेले चौघेही त्यांच्या मागोमाग गेले. मी मात्र राहिलेला पूर्णविराम दिला आणि खाली, रिवाजाप्रमाणे, ‘आदेशावरून’ असे लिहिले.