शहीद सुगनाराम अमर रहे

“माझं नाव जरा हळू घ्या म्हणावं. दरसाल ओरडतात आणि मला उचकी लागते,” सुगनाराम शेजारच्या खुर्चीवरच्या सरपंचाच्या कानाशी कुरकुरला.

“गप बस, गोरधन,” सरपंच महिपाल ओठ न हलवता म्हणाला. “सुभेदारसाहेब बघतायत.”

समोर पुतळा उभा होता. हातात बंदूक, ओठावर मिशी, गळ्यात झेंडूचे इतके हार की मिशीही अर्धी झाकलेली. खाली दगडावर नाव होतं : शहीद सुगनाराम. ती अक्षरं काल सुगनारामनंच नव्या रंगानं ठळक केली होती. जन्मतारीखही त्याचीच होती. मृत्यूची तेवढी धाकट्या भावाची.

घोटाळा जुना होता. थोरल्याकडे दहावीचा दाखला होता, धाकट्याकडे छाती. भरतीच्या मैदानावर दोन्ही लागत. तेव्हा धाकटा गोरधन थोरल्याचा दाखला घेऊन धावला आणि सुगनाराम होऊन फौजेत गेला. आजूबाजूच्या ढाण्यांत, वस्त्यावस्त्यांतही असं कुणी ना कुणी केलेलं होतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. घरी उरलेला सुगनाराम शिधापत्रिकेवर गोरधन झाला. पुढे डोंगरावरच्या लढाईत गोरधन पडला आणि कागदोपत्री सुगनाराम मेला.

गावच्या शाळेला शहीद सुगनारामचं नाव दिलं. सुगनारामची दोन्ही पोरं तिथंच शिकली. तो स्वतः मात्र मरायचं नाव घेईना. विहिरीत पडला, चालत घरी आला. साप चावला, तर सकाळी सापच मेलेला सापडला. “चारशे माणसं दरसाल अमर रहे म्हणून ओरडतात,” खेजडीच्या झाडाखाली बसलेले म्हातारे म्हणत, “याला यम हात कुठून लावणार?”

वर्षातला हा एक दिवस मात्र थट्टा बंद असे. गोरधनच्या पलटणीतले सुभेदार हरफूल निवृत्त झाल्यावरही हार घेऊन येत. त्यांची जीप दिसली की सगळं गाव सुगनारामला गोरधन म्हणू लागे. त्याच्या बायकोचं बरं होतं, ती नवऱ्याचं नाव एरवीही घेत नसे. कळलं तर पुतळा उचलून नेतील, शाळेची पाटी उतरवतील, म्हातारीची पेन्शन थांबेल, अशी धास्ती होती.

म्हातारी म्हणजे झमकू, दोघांची आई. आज सकाळी चूरमा चुरताना तिनं सुगनारामला विचारलं होतं, “तिकडं शेवटच्या घडीला कुणी त्याला हाक मारली असेल, तर तुझ्याच नावानं मारली असेल ना रे? माझ्या लेकराच्या कानावर जाताना स्वतःचं नावसुद्धा पडलं नसेल.”

सुगनाराम हार ओवायला निघून गेला होता.

“शहीद सुगनाराम,” मास्तर ध्वनिक्षेपकावर ओरडले.

“अमर रहे.”

सुगनारामला उचकी लागली.

“पाणी घ्या, गोरधनजी,” सुभेदार म्हणाले.

तेवढ्यात झमकू उठली. इतकी वर्षं ती हात जोडून नुसती बसत असे. आज ताट घेऊन ती पुतळ्यापाशी गेली, चूरम्याची मूठ भरली आणि पुतळ्याच्या बुटांपुढे धरली. ध्वनिक्षेपक शेजारीच होता.

“खा रे, गोरधन,” ती म्हणाली. ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

मग सरपंच धावला. “वय झालंय, साहेब. जित्या लेकाचं नाव तोंडात बसलंय, दुसरं काय. काकी, तुमचा गोरधन हा इथं बसलाय बघा.” त्यानं तिच्या हातातलं ताट काढून सुगनारामच्या मांडीवर ठेवलं. “खा, गोरधन. आई देतेय.”

सुगनारामनं घास उचलला. समोर आई रिकाम्या हातानं उभी होती. घास तोंडापर्यंत गेला आणि परत ताटात आला.

“हे माझं नाही,” तो उभा राहून म्हणाला. “मी सुगनाराम. दाखला माझा होता, मेला तो गोरधन. पेन्शन थांबवायची तर थांबवा, साहेब. मला तुरुंगात टाका. पुतळा तेवढा राहू द्या.” आणि त्याला पुन्हा उचकी लागली.

सरपंचानं डोळे मिटून घेतले.

सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बस खाली,” ते म्हणाले. “पलटणीत सगळ्यांना ठाऊक होतं. हजेरीला सुगनाराम म्हटलं की तुझा भाऊ भलतीकडेच बघायचा. त्यापायी किती वेळा शिक्षा झाली त्याला. माझ्या तोंडून काही निसटू नये म्हणून मीच इतकी वर्षं या गावात जपून बोलतोय.”

गावानं इतकी वर्षं धरलेला श्वास सोडला. मागं कुणीतरी हसलंही. सुभेदार हसले नाहीत. ते उठून झमकूपुढे जाऊन उभे राहिले.

“माँजी, शेवटी त्याला हाक मीच मारली. पुढच्या खडकाआड दुश्मन होता, त्याला दिसत नव्हता. घाईत खरंच नाव तोंडात आलं. ‘गोरधन, मागं ये.’”

“ऐकलं त्यानं?” झमकूनं विचारलं.

“ऐकलं. लगेच वळून बघितलं माझ्याकडे. गोळी तेव्हाच लागली, माँजी. सुगनाराम म्हणून ओरडलो असतो, तर तो वळलाच नसता.”