दमण्याचं इंजेक्शन

अखेर मानवजातीने थकव्यावर विजय मिळवला. मेंदूत साचून थकवा आणणारं ग्लुटामेट फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सगळ्यांना टोचलं गेलं आणि त्या दिवसापासून कुमुदिनीबाईंची वामकुक्षी बंद झाली.

"डॉक्टरीणबाई, हे विकर थांबवा हो," त्या दवाखान्यात म्हणाल्या. "मेंदू दमत नाही, पण जीव विटलाय. पूर्वी 'दमले गं बाई' म्हटलं की सून ओट्याशी यायची. आता माझ्या मनगटावरचं यंत्र बघून म्हणते, 'आई, थकवा शून्य आहे. पुरणही वाटून टाका.'"

कालपासून रुग्ण तपासत खुर्चीतून न उठलेल्या डॉक्टर शर्मिष्ठांनी विकर थांबवणारं इंजेक्शन दिलं. बाईंना प्रशस्त जांभई आली आणि त्या तपासणीच्या खाटेवरच आडव्या झाल्या.

डॉक्टरांनी दाराला आतून कडी घातली, दुसरं इंजेक्शन स्वतःला टोचलं आणि हळूच विचारलं, "मावशी, जरा भिंतीकडे सरकता का?"