अंदाजे वजन

"रतनबाईंचं वजन किती लिहिलंय, सिस्टर?" डॉक्टर राजेश्वरांनी विचारलं.

"पन्नास, सर," फाईल बघून मोहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं. पायाच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते आणि जखम अजून ओलीच होती. चादरीखाली म्हातारी असून नसल्यासारखी. तिच्याजवळ कुणी नव्हतं. मुलगा-सून मेंढरं घेऊन आष्टीकडच्या माळावर होती.

"काट्यावर घ्या बरं यांना."

वजनकाटा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, सलाईनच्या खोक्यांमागे पडला होता. मोहिनीने खोके सारून तो ओढत आणला. काखेत हात घालून रतनबाईला उभं केलं, तर हाताला नुसत्या फासळ्या लागल्या. काटा चौतीसवर थांबला.

डॉक्टरांनी भरतीच्या दिवशीचा कागद काढला. पेशंटचं वजन किती, घटलंय का, जेवण कमी झालंय का, असे चार प्रश्न. खाली मोहिनीच्या अक्षरात लिहिलं होतं : 'कुपोषणाचा धोका नाही.'

"नऊ दिवसांत सोळा किलो? मोजलं होतं ना, सिस्टर?"

मोहिनीने रतनबाईला काट्यावरून उतरवून खाटेवर बसवलं.

"मोजलं व्हतं की," रतनबाईच बोलली. "बाईनं लई नीट मोजलं. मलाच अन्न ग्वाड लागंना. त्येंचा काय दोष?"

मोहिनीला वाटलं, जमीन दुभंगावी.

"नव्हतं मोजलं, सर," ती म्हणाली. "अंदाजाने लिहिलं."

"सगळ्यांचं?"

तिने मान खाली घातली. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाने पन्नासवर काट मारली, "आजच्या आज सगळ्यांचं करा, यांचं आधी," एवढंच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मोहिनी नवा कागद घेऊन रतनबाईपाशी स्टुलावर बसली. या खाटेजवळ ती पहिल्यांदाच बसत होती.

"आजी, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुमची नोकरी हाय, बाई. माजं काय जातंय?"

मोहिनीने कागदाकडे पाहत विचारलं, "जेवण कमी झालंय का?"

"झालंय. हितं आल्यापासून."

"भूक लागत नाही?"

"लागती की. लई लागती."

"मग ताट येतं त्याचं काय करता?"

"शेजारणीच्या पोरीला देती." रतनबाईने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पोटात गेलं की संडासाचं भांडं मागावं लागतंय. चालता येत न्हाई ना मला. पयल्या दिशी दोनदा मागितलं, तर तुमी वैतागलात. म्हनलं, खाल्लंच न्हाई तर कुनाला तरास न्हाई."

मोहिनीला तो दिवस आठवेना. असं ती कितीजणींना बोलली असेल, तेही आठवेना. 'कारण' लिहिलेल्या रकान्यावर तिचं पेन तसंच थांबलं.

रतनबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"लिवा की, बाई," ती म्हणाली. "सायबानं इचारलं तर तुमचं नाव न्हाई सांगायची मी."