ताईची रोजची कारणं

"कोपऱ्यावरच्या बाईंचा मुलगा वकील झाला आणि आज घरी बसलाय. वकिली शिकलं की घरीच बसावं लागतं," ताई म्हणाली आणि चष्म्याची काच घासायच्या यंत्रावर धरली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी काउंटरवर कोपर टेकून तयारच होती.

"एकावरून सगळ्यांना तोलतेस होय?"

ताईने काच उलटून पुन्हा यंत्रावर धरली.

वडील गेल्यापासून चष्म्याचं दुकान ताईच चालवत होती आणि धाकटीला तिनेच वाढवलं होतं. कायद्याचं कॉलेज दुसऱ्या शहरात होतं, प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. ताईचं म्हणणं एकच: "माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरणार नाही, त्या दिवशी खुशाल जा."

कारणं काही संपत नव्हती.

"तू अभ्यासाला लागलीस आणि गिऱ्हाइकं आटली."

"समोरचा रस्ता खणलाय, ताई. माझ्या अभ्यासाने नाही आटली."

"एक तर दुकान बघ, नाहीतर मला विसर."

"दोनच वाटा कशा? सुट्टीत येऊन दुकानात बसेन की."

सरळ शिकवलेलं धाकटीच्या डोक्यात कधी शिरत नसे. भांडणात मात्र ती कुणाला ऐकायची नाही. शिकवणीतल्या सराव परीक्षांत तर्काच्या भागातले तिचे गुण भराभर वाढले आणि त्याचं सगळं श्रेय तिने स्वतःच्या हुशारीला देऊन टाकलं.

ताईची कारणं हल्ली अवघड होत चालली होती. एकदा धाकटीला खोट सापडेना. ती चिडली.

"तुला एकटीला दुकान झेपत नाही, म्हणून अडवतेस मला."

ते ताईला लागलं. तरी ती शांतपणे म्हणाली, "हे माझ्यावर बोललीस. मुद्द्याचं उत्तर राहिलंच."

धाकटीला लाज वाटली. मग जेवता जेवता तिने खोट शोधून काढलीच.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा तर्काच्या भागात तिचा एकही प्रश्न चुकला नव्हता, कॉलेजात जागा पक्की होती. ती धावतच दुकानात आली आणि ताईसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बोल. आज कुठलं कारण?"

ताईने यंत्र बंद केलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आता कुठून आणू, बाई? तुझ्या परीक्षेला चुकीच्या तर्काचे होते तेवढे सगळे प्रकार घेऊन झाले."